रकाना नसलेला आजार

गगनबावडा तालुक्यातल्या एका सरकारी औषधालयातला, ऐन जुलैमधला एक दिवस

सकाळी ७:४५

औषध भांडाराचं कुलूप काढलं की आधी भिंत बघायची. रात्रीत ओल किती वर चढली त्यावर खोकी कुठे सरकवायची ते ठरतं. कोल्हापूर शहर इथून पंचावन्न किलोमीटरवर. तिथे वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आमच्याकडे पाच हजारांच्या पुढे. करूळ आणि भुईबावडा घाटांवरून चढलेला ढग पहिल्यांदा आमच्या छपरांवर रिता होतो. जून ते सप्टेंबर इथे कपडे वाळत नाहीत, मिठाला पाणी सुटतं, काडेपेटी चुलीशेजारी ठेवावी लागते. गोळ्या तरी कोरड्या कशा राहतील?

फीटच्या, म्हणजे अपस्माराच्या रुग्णांसाठी हा प्रश्न साधा नाही. कार्बामाझेपीनच्या गोळीला ओल लागली की ती टणक होते, पोटात नीट विरघळत नाही आणि तिचा परिणाम एक तृतीयांशापर्यंत घटू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९० मध्येच याबद्दल सावध केलं होतं. सोडियम व्हालप्रोएटही हवेतली ओल ओढून घेतं. रुग्ण रोज नेमाने गोळी घेतो, तरी त्याला फीट येते, आणि घरचे म्हणतात, ‘सरकारी औषधाला गुण नाही.’ गुण असतो, तो पावसात गेलेला असतो. म्हणून ही खोकी लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब, आणि स्ट्रिप कापून सुटी गोळी कुणालाही द्यायची नाही, हा माझा इथला पहिला नियम.

त्यानंतर फ्रीज. न थांबणारी फीट थांबवण्यासाठी लोराझेपामचं इंजेक्शन लागतं आणि ते दोन ते आठ अंश सेल्सियसमध्येच टिकतं. लसींचा फ्रीज वेगळा, त्यात लसीखेरीज काही ठेवायचं नाही. आमच्या साध्या फ्रीजला रात्री वीज किती वेळ नव्हती हे वॉचमनला विचारून वहीत लिहायचं. वीज फार वेळ गेलेली असेल तर लोराझेपामच्या भरवशावर राहायचं नाही. डायझेपामच्या इंजेक्शनला फ्रीज लागत नाही, म्हणून ते इमर्जन्सी ट्रेमध्ये आहे ना, हे हात लावून बघायचं.

सकाळी ८:३०

ओपीडी सुरू. खोकला, ताप, गुडघे, खरूज, चिखलाने कुजलेल्या पायांच्या बेचक्या. खिडकीपुढे छत्र्या, प्लास्टिकची खोळ, एखादं इरलं. ही रांग भरभर पुढे सरकते.

फीटचा रुग्ण या रांगेत ओळखू येत नाही. त्याला ताप नसतो, तो कण्हत नसतो. रिकामी स्ट्रिप मुठीत धरून उभा असतो आणि खिडकीशी येऊन हळू आवाजात विचारतो, “आपली गोळी आलीया न्हवं?”

त्याची गोळी म्हणजे फेनिटॉइन, कार्बामाझेपीन, व्हालप्रोएट, फेनोबार्बिटोन किंवा लेव्हेटिरासिटाम. २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत ही पाचही आहेत. यातलं फेनोबार्बिटोन १९१२ पासून वापरात आहे आणि आजही जगातल्या सर्वांत स्वस्त औषधांपैकी एक आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासण्या, औषधं सगळं मोफत झालं. त्यामुळे गरिबाला गोळी परवडते का, हा प्रश्न कागदावर तरी सुटला. गोळी ज्या दिवशी हवी त्या दिवशी या कपाटात असते का, हा प्रश्न मात्र अजून रोज सकाळी खिडकीशी येतो.

रक्तदाबाची गोळी दोन दिवस चुकली तर सहसा लगेच काही दिसत नाही. फीटची गोळी अचानक थांबली तर दोन-चार दिवसांत फीट येऊ शकते, आणि कधी कधी अशी की एकामागून एक झटके येत राहतात, माणूस मधे शुद्धीवरच येत नाही. त्यात जीव जातो. म्हणजे या आजारात पुरवठा खंडित होणं हाच मोठा धोका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे पाच कोटी लोकांना अपस्मार आहे, आणि नीट निदान व औषध मिळालं तर त्यातले ७० टक्क्यांपर्यंत लोक फीटशिवाय जगू शकतात. डोळे उघडणारा आकडा हाच. बहुतेकांचा आजार औषधाला ऐकणारा आहे, औषध मात्र वेळेवर यायला हवं.

सकाळी १०:१५

वरच्या धनगरवाड्यावरचे एक आजोबा. खांद्यावर घोंगडं, हातात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला केसपेपर. नातवासाठी आलेत. तासभर चालत, मग वडापच्या जीपने.

“सायेब, दोन म्हैन्याच्या द्या. वढं भरलं तर पुढल्या म्हैन्यात मला खाली येणं न्हाई.”

“फीट शेवटची कधी आली होती?”

“गोळी हाय तवर न्हाई आली. मागं चार दिस खाडा पडला, तवा आली. रोप लावताना, चिखलात.”

“मग कुणी उचललं?”

“त्येची आई शेजारच्या सरीला हुती म्हणून वाचला बगा.”

जुलै म्हणजे रोप लावणीचे दिवस. घोटाभर पाण्यात तोंडावर पडलेला माणूस दोन मिनिटांत गुदमरू शकतो. म्हणून गोळ्यांबरोबर मी हेही सांगतो: रोप लावायला एकट्याने जायचं नाही, ओढ्यावर एकट्याने नाही, पेटत्या चुलीपुढे एकट्याने बसायचं नाही, झाडावर आणि माळ्यावर चढायचं नाही. बाकी सगळी कामं करायची. आजोबा मान डोलावतात.

दोन महिन्यांच्या गोळ्यांचं काय? नेहमीचा रिवाज एका महिन्याचा. कोल्हापूर रस्त्यावर मांडुकलीजवळ पाणी आलं की वाहतूक बंद. एसटी नाही, की औषधाची गाडी नाही. घाटात दरड आली तर कोकणची बाजूही बंद. अशा तालुक्यात महिन्याची चिठ्ठी हा पावसाळा सरल्यावर चालणारा नियम आहे, जुलैत नाही. आमच्या डॉक्टरसाहेबांना हे ठाऊक आहे, ते चिठ्ठीवर सरळ साठ दिवस लिहितात. आता कसोटी माझी. आजोबांना साठ दिवसांचं दिलं तर कपाटात उरलेल्यात आणखी किती जण बसतात, हे बोटांवर मोजायचं. एचआयव्हीच्या रुग्णांना काही महिन्यांची औषधं एकदम देण्याची पद्धत देशात बसली आहे, कोविडच्या टाळेबंदीत तर तिची गरज सगळ्यांना पटली. फीटच्या रुग्णाला ती सोय मिळायची तर साठाही त्या मापाने यायला हवा.

आज देता येतं. आजोबांना झाकण घट्ट बसणारी बरणी वापरायला सांगतो. “स्ट्रिप फाडायची नाही, गोळी घेतेवेळीच काढायची. चुलीवरच्या फडताळात नको, भिंतीतल्या कोनाड्यात नको.” 

“मग कुठं ठिऊ?” 

“कपड्यांच्या पेटीत.” 

आजोबांना हे पटतं. पेटी ही घरातली एकमेव कोरडी जागा असते.

सकाळी ११:३०

डोक्यावर पदर घेतलेली एक तरुण बाई. चिठ्ठीवर व्हालप्रोएट. मी पाकिटावर नाव लिहायला पेन उचलतो.

“दादा, नाव नगं. आन् त्ये लालभडक गोळ्यांचं पाकीट हाय न्हवं, रगताच्या, त्यात घाला.”

माहेरी असताना सुरू झालेला आजार. सासरी कुणाला माहीत नाही. गोळी माहेरच्या माणसाकरवी येत होती, पावसाने ते येणं थांबलं म्हणून ती ‘अंगात रक्त कमी आहे’ असं सांगून स्वतः आली. अशा बाया आमच्या नोंदीत कधी येत नाहीत. एका बाजूने कायदा कधीचा बदललेला आहे: १९९९ च्या विवाह कायदे दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यातून आणि विशेष विवाह कायद्यातून अपस्माराची अट काढून टाकली. फीट येते म्हणून लग्न अवैध ठरत नाही. पुण्याचं संवेदना फाउंडेशन अपस्मार असलेल्यांचे मदतगट चालवतं, त्यांची लग्नं जुळावीत म्हणून झटतं. पण कायदा दिल्लीत बदलला, मदतगट पुण्यात जमला, आणि या बाईची गोळी अजून रक्तवाढीच्या पाकिटात लपते.

तिच्याबाबत दुसरी काळजी अधिक तातडीची. व्हालप्रोएट गर्भाला अपाय करू शकतं. मूल व्हायच्या वयातल्या बाईला ते शक्यतो देऊ नये, द्यावंच लागलं तर नीट विचार करून. गोळी बदलायची तर दिवस राहण्याआधी. ती स्वतःहून बंद करायला सांगणं त्याहून धोक्याचं. मी तिला परत डॉक्टरांच्या खोलीत पाठवतो. आत सिस्टर आहेत, दार लोटून घेता येतं. रांगेतली दोन माणसं कुरकुरतात. कुरकुरू देत.

दुपारी १२:४५

खिडकी बंद, डबा उघडा, बाजूला संगणक. वीज आहे, नेट येतं-जातं. ई-औषधी प्रणालीत आजचा खर्च भरायचा: कुठल्या बॅचच्या किती गोळ्या गेल्या, मुदत कधी संपते.

इथे खरी गोम आहे. क्षयरोगाला निक्षय पोर्टल आहे, तिथे रुग्ण नावानिशी दिसतो आणि त्याचं औषध त्याच्या नावाने हलतं. मधुमेह-रक्तदाबाला असंसर्गजन्य आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, त्याचे तक्ते दर महिन्याला वर जातात. अपस्मारासाठी देशात स्वतंत्र राष्ट्रीय कार्यक्रम नाही. तो आला मानसिक आरोग्याच्या बोटाला धरून. ऐंशीच्या दशकात बंगळुरूच्या निम्हान्स या मनोविकार संस्थेने बेळ्ळारी जिल्ह्यात एक प्रयोग केला. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना थोडं प्रशिक्षण आणि मोजकी औषधं दिली. मनोविकारांबरोबर अपस्मारावरही तिथेच उपचार होऊ शकतात हे दिसलं. त्या नमुन्यावर १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. फायदा असा की गावापर्यंत उपचार आले. तोटा असा की लोक म्हणू लागले, ‘फीटवाल्याला येड्याच्या डाक्टरकडं न्यायचं.’ बरेच जण मग मनोविकारांच्या ओपीडीच्या दिवशी येतच नाहीत.

औषधाची मागणी ठरते मागच्या वर्षीच्या खपावरून. वरवर हिशोब बरोबर वाटतो. पण समजा एखाद्या औषधालयात एखादी गोळी सहा महिने आलीच नाही. तर तिचा सहा महिन्यांचा खप शून्य. पुढच्या वर्षी मागणी निम्मी. म्हणजे जिथे टंचाई झाली तिथे गरजच कमी आहे असं कागद सांगतो, आणि टंचाई आणखी वाढते. रुग्ण मोजलेले असते तर हे झालं नसतं. राज्याच्या औषध खरेदीसाठी २०२३ मध्ये कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आलं. कुणीही खरेदी केली तरी त्याच्या हातात खालून गेलेला आकडा असतो. तो आकडाच आंधळा असेल तर वरच्याला दोष देऊन काय मिळणार?

दुपारी २:१०

अंगणात जीप करकचून थांबते. पंचविशीतला गडी, चिखलाने माखलेला, अंग आखडलेलं, तोंडाला फेस. बरोबरच्या माणसांच्या हातात चप्पल, एकाकडे फोडलेला कांदा.

सिस्टर आधी कांदा बाजूला करतात, मग माणसाला कुशीवर वळवतात. दातात चमचा घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत, पाणी पाजू नये. डोक्याखाली मऊ काही, गळ्याजवळचं सैल, आणि घड्याळ बघायचं. बहुतेक फीट दोन-तीन मिनिटांत आपणहून थांबते. पाच मिनिटांच्या पुढे गेली तर ती औषधाशिवाय थांबेल असं धरायचं नाही. हा घरून निघाल्यापासून आखडतोय, म्हणजे पाच मिनिटं कधीच उलटली. सकाळी वहीत लिहिलेली वीज आता उपयोगी पडते: फ्रीजवर शंका, म्हणून डायझेपाम. ऑक्सिजन, साखर तपासणी, सलाईन. अंग सैल पडतं. १०८ ला फोन. रस्त्यावर पाणी आहे का ते विचारून गाडी निघते. मांडुकली आज मोकळी आहे, कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात नेता येईल.

धाकटा भाऊ दारात उभा असतो. “गोळ्या चालू हुत्या का?” “हुत्या. धा दिसापूर्वी संपल्या. लावणी उरकली की आणू म्हणलं.”

ही नुसती हेळसांड नाही. लावणीच्या दिवसांत एक माणूस गोळीसाठी दिवस मोडतो म्हणजे एका माणसाची मजुरी जाते, वर जीपचं भाडं. सरकारने गोळी फुकट केली, पण गोळीपर्यंतचा दिवस फुकट झालेला नाही. ही गोळी गावातल्या उपकेंद्रात, समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या कपाटात असती तर तो भाऊ जेवणाच्या सुट्टीत घेऊन आला असता. अशा उपकेंद्रांसाठी, म्हणजे आयुष्मान आरोग्य मंदिरांसाठी, ठरवलेल्या सेवांत मानसिक आणि चेतासंस्थेच्या आजारांचा समावेश आहे, त्यात अपस्मारही येतो. कागदावर वाट तयार आहे.

दुपारी ३:३०

आशाताईंची बैठक. विषय डेंग्यू आणि पाण्याचे नमुने. शेवटी दहा मिनिटं मला मिळतात.

आशाताई घरोघरी जी तपासणी यादी भरतात तिच्यात ‘फीट येते का’ असा प्रश्न आहे. पण ती यादी तीस वर्षांवरच्यांसाठी. शाळा-अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक जातं, त्यांच्या यादीतही झटक्यांचा आजार आहे, पण ते अठरा वर्षांपर्यंत. मधल्या बारा वर्षांत कुणी विचारत नाही. सकाळची सून त्या बारा वर्षांतली. दुपारचा गडीही त्यातलाच. लग्न, बाळंतपण, मजुरी, मुंबई, सगळं याच वयात, आणि याच वयाला कुठल्याच फॉर्मात रकाना नाही.

“मग आमी वहीतच लिवू की,” एक ताई म्हणतात. “नाव न लिवता. घर नंबर आन् गोळीचं नाव.”

“आन् ज्यांनी मांत्रिकाकडं नेलंय ती?” दुसरी विचारते.

“त्येंचंबी लिवायचं. गोळीच्या जागी रेघ मारायची.”

दहा मिनिटांत हे ठरतं. माझ्या डोक्यात इतकी सोपी वाट आली नव्हती. जंतनाशक दिन पुढच्या महिन्यात आहे, तेव्हा घरोघरी जायचंच आहे, त्याच फेरीत होऊन जाईल. जंताचा आणि फीटचा संबंधही मी त्यांना सांगतो: डुकराच्या मांसातून येणाऱ्या पट्टकृमीची अंडी न धुतलेल्या भाजीतून वा घाण पाण्यातून पोटात गेली तर त्यांच्या अळ्या मेंदूत गाठी करतात, आणि त्यातून फीट सुरू होते. मांस कधी न खाणाऱ्यालाही. माळकरी घरातल्या एका ताईंच्या कपाळावर आठ्या पडतात.

संध्याकाळी ४:३०

दुसरी ओपीडी. मुंबईहून भात लावणीला आलेला एक पोरगा लेव्हेटिरासिटामची चिठ्ठी दाखवतो. आज ती गोळी आहे. नसती तर ‘याच्याऐवजी ही घे’ असं खिडकीतून सांगता आलं नसतं. फीटच्या गोळ्या एकमेकींच्या जागी अशा बसत नाहीत, बदल डॉक्टरांनी हळूहळू करायचा असतो. फेनोबार्बिटोनची नोंद वेगळ्या वहीत होते, कारण १९७१ च्या आंतरराष्ट्रीय कराराखाली ते नियंत्रित औषध आहे. स्वस्त असूनही त्याचा व्यवहार कटकटीचा होतो तो असा.

संध्याकाळी ६:१५

सगळे गेले. पाऊस पत्र्यावर चालू. आता मागणीपत्र.

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य सभेने अपस्मार आणि चेतासंस्थेच्या इतर आजारांसाठी २०३१ पर्यंतचा कृती आराखडा मंजूर केला. त्यात एक उद्दिष्ट आहे: अपस्माराचं निदान झालेल्या ८० टक्के रुग्णांना योग्य, परवडणारं आणि सुरक्षित औषध मिळालं पाहिजे. ८० टक्के म्हणजे किती, हे गगनबावड्यापुरतं मांडून बघतो. २०११ च्या जनगणनेत तालुक्याची लोकसंख्या सुमारे ३६ हजार. भारतात हजारी साधारण पाच जणांना अपस्मार असतो असं धरतात. म्हणजे तालुक्यात १८० च्या आसपास रुग्ण असायला हवेत. सगळ्यांचं निदान झालं असं धरलं, तर त्यांचे ८० टक्के १४४. सरासरी दिवसाला तीन गोळ्या धरल्या, तर पावसाळ्याच्या १२२ दिवसांना ५२,७०४ गोळ्या. कुणाला दोन लागतील, कुणाला सहा, औषधंही वेगवेगळी. हा ढोबळ अंदाज आहे. पण मागच्या वर्षीच्या खपाचा आकडा याच्या शेजारी लिहिला की फरक डोळ्यांत भरतो, आणि तो फरक म्हणजे लपवलेल्या पाकिटांचे, मांत्रिकाकडे नेलेल्यांचे, लावणी उरकेपर्यंत थांबलेल्यांचे दिवस.

मागणीपत्रात ‘मागील वर्षाचा खप’ आणि ‘चालू वर्षाची मागणी’ असे दोनच रकाने आहेत. मी पट्टी घेऊन तिसरा आखतो: ‘माहीत असलेले रुग्ण’. खाली शेरा लिहितो: ‘खप कमी दिसतो कारण अमुक महिन्यांत साठा शून्य होता, मागणी रुग्णसंख्येवर धरावी. जून ते सप्टेंबरचा संपूर्ण पुरवठा मे अखेरपर्यंत मिळावा, नंतर रस्ता बंद पडतो. स्ट्रिप पॅकच पाठवावे, सुट्या गोळ्या नकोत.’ आशाताईंच्या वह्या आल्या की घर नंबरांची यादी सोबत जोडायची. मंजूर झालं तर उत्तम. नामंजूर करणाऱ्यालाही आता खपाचा आकडा पुढे करून चालणार नाही, १४४ जणांना गोळी का द्यायची नाही ते लिहून द्यावं लागेल.